एक कॉम्प्युटर, पाच वापरणारे: घरचं यंत्र सांभाळण्याची कामं, क्रमाने

कॉम्प्युटरला व्हायरस लागला की घरात पहिला प्रश्न निघतो, "कुठला अँटिव्हायरस घेऊ या?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. नातेवाइकांचे आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे बिघडलेले कॉम्प्युटर मी वरचेवर बघतो. त्यांत चोर कुलूप तोडून आत आलाय असं क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी 'येस' दाबून दार उघडून दिलेलं असतं. त्या एका 'येस'ची किंमत सगळ्या घराला मोजावी लागते, कारण आजीच्या भजनांपासून बाबांच्या नेट बँकिंगपर्यंत आणि चिरंजीवांच्या गेमपर्यंत सगळं एकाच खात्यातून चाललेलं असतं, आणि ते खातं असतं पूर्ण अधिकारांचं.

म्हणून इथे कामांचा क्रम महत्त्वाचा. एखाद्या रविवारी दुपारी चहा घेऊन बसलात तर बरीचशी कामं उरकतील. मी विंडोज ११ धरून लिहितोय, कारण घराघरांत बहुतेक विंडोजच असतं. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच दिली आहेत.

आधी बघा, आपल्याकडे काय आहे

'सेटिंग्ज' → 'सिस्टिम' → 'अबाउट' इथे विंडोजची आवृत्ती दिसते. विंडोज १० असेल, तर मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलेत. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर झाली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. ती आपोआप होत नाही. विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. यंत्र त्याहून जुनं असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून घ्या. ब्राउझर, ईमेल आणि पीडीएफ एवढंच काम असलेल्या घराला ते पुरतं.

आता नाजूक विषय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या दुकानातून असेंबल करून आणलेल्या यंत्रावर दुकानदाराने विंडोज 'टाकून दिलेलं' असतं. 'सेटिंग्ज' → 'सिस्टिम' → 'ॲक्टिव्हेशन' उघडा. विंडोज 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस'ने चालू झालंय अशा अर्थाचं वाक्य तिथे दिसलं आणि कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा किंवा कॉलेजचा नसेल, तर ते क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याशिवाय चोरवाटेने चालू केलेलं आहे असं समजायला हरकत नाही. पैसे बुडवल्याचं पाप हा वेगळा विषय. सुरक्षेच्या दृष्टीने अडचण अशी की क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि तो पुन्हा चालू केला तरी त्यात पळवाट ठेवलेली असू शकते. ती शोधायला 'विंडोज सिक्युरिटी' → 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' → 'मॅनेज सेटिंग्ज' मध्ये जाऊन खाली 'एक्सक्लूजन्स' बघा. 'या जागा तपासू नकोस' अशी ती यादी असते. आपण स्वतः काही टाकलं नसेल तर ती रिकामीच हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट शेवटच्या भागातलं 'नव्याने विंडोज' करून मग परत या. परवाना विकत घेईपर्यंत कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं दिसत राहिली तरी क्रॅकपेक्षा ती परवडली.

पहिलं काम: खाती वेगळी करा

या लेखातलं एकच काम करणार असाल, तर हे करा. फुकट आहे आणि बहुतेक घरांत झालेलं नसतं.

विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची: 'ॲडमिनिस्ट्रेटर' आणि 'स्टँडर्ड'. ॲडमिनिस्ट्रेटरला यंत्रात काहीही बदलता येतं, आणि नवीन कॉम्प्युटरवर पहिलं उघडलेलं खातं याच प्रकारचं असतं. त्या खात्यातून एखादा प्रोग्रॅम अधिकार मागतो, तेव्हा विंडोज फक्त 'येस' की 'नो' एवढंच विचारतं, आणि माणसाचं बोट सवयीने 'येस'वर जातं. स्टँडर्ड खात्यात त्याच प्रोग्रॅमसाठी विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं. पासवर्ड आठवून टाइप करायचा म्हटलं की माणूस थांबतो आणि विचारतो, "हे काय आहे?" आपल्याला तेवढं थांबणंच हवंय.

१. 'सेटिंग्ज' → 'अकाउंट्स' → 'अदर यूजर्स' → 'ॲड अकाउंट'. ईमेल विचारेल तिथे 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' निवडा, पुढच्या पानावर 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. नाव द्या 'देखरेख'. पासवर्ड चांगला लांब ठेवा.

२. त्याच यादीत 'देखरेख'वर क्लिक करून 'चेंज अकाउंट टाइप' मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा.

३. साइन आउट करून 'देखरेख'मधून एकदा आत जाऊन बघा. पासवर्ड चालतोय याची खात्री झाल्याशिवाय पुढची पायरी करू नका, नाहीतर आपल्याच घराबाहेर आपण अडकू.

४. आता 'देखरेख'मधून तुमचं रोजचं जुनं खातं 'स्टँडर्ड' करा. त्यातल्या फाइली, फोटो, डेस्कटॉप सगळं जागच्या जागी राहतं.

५. घरातल्या प्रत्येकाला एक स्टँडर्ड खातं. लहान मुलांचं खातं मायक्रोसॉफ्ट अकाउंटने उघडलं तर त्याला 'फॅमिली सेफ्टी' जोडता येतं, त्यात वेळेची मर्यादा घालता येते. माझ्या मते मात्र शाळकरी पोरांच्या बाबतीत कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवणं हाच सगळ्यात परिणामकारक फिल्टर.

६. 'बँक' नावाचं आणखी एक स्टँडर्ड खातं उघडा. नेट बँकिंग, प्राप्तिकर, विमा एवढंच तिथून करायचं. त्या खात्याच्या ब्राउझरमध्ये एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) नको, तिथे गाणी नाहीत आणि व्हॉट्सॲप वेबही नाही.

'देखरेख'चा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. ऑनलाइन चोर कपाटापर्यंत येत नाही. आणि तो दोघांना माहीत असावा. घरातला एकटा 'कॉम्प्युटरवाला' पुण्याहून बंगळुरूला नोकरीला गेला की आईबाबा अडकून पडतात.

याची मर्यादाही लक्षात असू द्या. स्टँडर्ड खात्यात शिरलेला चोर यंत्राचा ताबा सहज घेऊ शकत नाही, पण त्या खात्यातल्या फाइली आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तो उचलू शकतो. म्हणून पुढची कामं.

दुसरं काम: दार कुठे कुठे उघडलं जातं ते ओळखा

*फाइलचं खरं नाव.* विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं. 'लग्नपत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल त्यामुळे 'लग्नपत्रिका.पीडीएफ' अशी दिसते, आणि दोनदा क्लिक केलं की पत्रिका न उघडता प्रोग्रॅम चालू होतो. 'फाइल एक्सप्लोरर' → 'व्ह्यू' → 'शो' → 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. हे प्रत्येक खात्यात वेगळं करावं लागतं. बिल, पत्रिका, कुरिअरची पावती असं म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, बीएटी किंवा एमएसआय दिसलं, तर न उघडता काढून टाका. पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, हाही संशयाचाच प्रकार. अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून तसं करतात.

*'मी रोबोट नाही'चं नवं सोंग.* गेल्या एक-दोन वर्षांत हे बरंच पसरलंय आणि शिकलेली माणसंही त्यात सापडतात. एखादी साइट तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला सांगते: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. आधी केलेल्या क्लिकने साइटने क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे, गुपचूप एक आज्ञा ठेवलेली असते, आणि या तीन पायऱ्यांनी तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. फाइल उतरवलेली नसल्यामुळे शंकाही येत नाही. घरातल्यांना एवढं एक वाक्य पाठ करून घ्यायला लावा: कुठलीही साइट कीबोर्डवरून आज्ञा चालवायला सांगत असेल तर ती चोराचीच.

अशा वाटेने येतात ते प्रामुख्याने पासवर्डचोर प्रोग्रॅम. त्यातला 'लुमा' हा एक. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी त्याचं जाळं तोडलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलं की १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून अधिक विंडोज कॉम्प्युटरांमध्ये तो सापडला. हे चोर पासवर्डबरोबर कुकीही नेतात, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन असल्याचा पुरावा. तो हातात असला की ओटीपी न विचारताही तुमच्या जीमेलमध्ये शिरता येऊ शकतं.

*कोपऱ्यातले खोटे इशारे.* 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस' असं उजव्या खालच्या कोपऱ्यात सारखं येत असेल, तर बहुधा तो व्हायरस नसतोच. कधीतरी क्रिकेटचा स्कोअर किंवा पंचांग बघताना कुणीतरी 'अलाऊ' दाबलेलं असतं आणि ती साइट आता नोटिफिकेशन पाठवत बसते. क्रोममध्ये 'सेटिंग्ज' → 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' → 'साइट सेटिंग्ज' → 'नोटिफिकेशन्स' इथे परवानगी मिळालेल्या सगळ्या साइट काढा आणि पुढे कुणी परवानगी मागूच नये असा पर्याय निवडा. घरी बोलावलेल्या माणसाने एवढ्यासाठी फॉरमॅट मारून पैसे घेतल्याची उदाहरणं माझ्या बघण्यात आहेत.

*भोंगा वाजवणारं पान.* पडदा भरून लाल इशारा, आवाज, 'कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा'. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप कळ काही क्षण दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर तिथून बंद करा. पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोअर' म्हणेल, ते नको. फोन केलात तर पलीकडचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घ्यायला लावेल, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारे प्रोग्रॅम. हे प्रोग्रॅम मुळात वाईट नाहीत, मीही मावशीचा प्रिंटर तसाच सुरू करून देतो. पण ज्याला आपण ओळखत नाही, त्याला पडदा द्यायचा नाही.

*फुकट मराठी टायपिंग.* ही खास आपली अडचण. सोसायटीची नोटीस, लग्नाचा मजकूर, मंडळाचा अहवाल यांसाठी कुणाला तरी 'श्रीलिपी' किंवा जुने फॉन्ट हवे असतात, आणि शोध घेतला की 'क्रॅकसहित मोफत' देणाऱ्या साइटच आधी पुढे येतात. त्या झिपमधून काय येईल याची काही शाश्वती नाही. मराठी लिहायला वेगळं काही उतरवायची गरजच नाही: 'सेटिंग्ज' → 'टाइम अँड लँग्वेज' → 'लँग्वेज अँड रीजन' मधून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि २०१९ पासून विंडोजमध्येच इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही आहे. हाच नियम पीडीएफ जोडणाऱ्या, व्हिडिओ उतरवणाऱ्या, 'ड्रायव्हर अपडेट' करणाऱ्या फुकट प्रोग्रॅमना लावा. शोधाच्या निकालात सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असेल त्यावर क्लिक न करता बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या.

*झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह.* प्रवेशाचे फॉर्म भरण्याच्या दिवसांत पेनड्राइव्हवरून पसरणारा एक व्हायरस अजूनही जोरात फिरतो. पेनड्राइव्ह घरी आणून लावला की फोल्डरांच्या जागी बाण असलेले शॉर्टकट दिसतात. त्यावर क्लिक केलं की फोल्डर उघडतो खरा, पण सोबत व्हायरसही चालू होतो. फाइली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात, त्यामुळे घाबरून फॉरमॅट करू नका. आधी अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासा, मग 'व्ह्यू' → 'शो' → 'हिडन आयटम्स' चालू करून बघा. तेवढ्याने दिसल्या नाहीत तर 'फोल्डर ऑप्शन्स'मधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही टिक तात्पुरती काढा. दुकानासाठी एक छोटा पेनड्राइव्ह वेगळाच ठेवला तर उत्तम: त्यात फक्त छापायची पीडीएफ, दुसरं काही नाही.

*पत्ता वाचणं.* सुरुवातीच्या 'https://' मधल्या रेघा सोडल्या, तर साइटचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे संपतो, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. सरकारी साइट 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' ने संपतात. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर जायला सांगितलं होतं, आणि ते नाव फक्त बँकांनाच मिळतं. आपल्या बँकेचा पत्ता एकदा पासबुकावरून किंवा शाखेत विचारून टाइप करा, बुकमार्क करा आणि नंतर फक्त बुकमार्कवरूनच जा.

तिसरं काम: अपडेट, आणि मग अँटिव्हायरस

'सेटिंग्ज' → 'विंडोज अपडेट'. जे असेल ते घ्या, रीस्टार्ट मागितला की त्याच दिवशी द्या. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या, फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर लॉक केले, ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांतली कामं खोळंबली. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी दोन महिने 'नंतर आठवण करा' दाबलं त्यांना फटका बसला.

अँटिव्हायरसबद्दल माझं मत: विंडोजमधला डिफेंडर चालू असेल तर घरासाठी तो पुरेसा आहे. पुण्याचं क्विक हील किंवा दुसरं कुठलं विकत घेतलेलं असेल तर खुशाल ठेवा, पण मुदत संपली की काढून टाका, म्हणजे डिफेंडर पुन्हा कामाला लागेल. दोन अँटिव्हायरस एकदम नकोत. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या साइटवरही सफाईची मोफत साधनं मिळतात.

चौथं काम: पासवर्ड

'साईराम१२३', गाडीचा नंबर, मुलाची जन्मतारीख आणि तोच पासवर्ड सगळीकडे, हे चोरांना तोंडपाठ आहे. एका साइटवरून फुटलेला पासवर्ड यंत्राने शेकडो साइटवर लावून बघितला जातो. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की लांबी महत्त्वाची, आणि कारण नसताना दर काही महिन्यांनी बदलायला लावू नये. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले, 'खोबरं-टमटम-एकादशी-पाटी' असे काहीतरी, तरी चांगला पासवर्ड होतो. हाच मात्र वापरू नका.

एवढे पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, म्हणून बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर घ्या. त्याची मोफत आवृत्ती घराला पुरते. ज्येष्ठांना ते जड जात असेल तर वही. सगळ्यात आधी सांभाळायचं ते ईमेलचं खातं, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे तिथेच येतात. त्याला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी) लावा आणि त्याचे बॅकअप कोड छापून ठेवा.

पाचवं काम: दुसरी प्रत

खंडणीखोर व्हायरसने फोटो लॉक केले, तर दुसरी प्रत हाच खात्रीचा उपाय. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं तिच्यात उतरवा, आणि मग ती काढून ठेवा. लावलेलीच राहिली तर व्हायरस तिच्यातल्या फाइलीही लॉक करतो. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी मोफत मिळतात, पण कॉम्प्युटरशी जुळवून ठेवलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे: इथे बिघडलेली फाइल थोड्या वेळात तिथेही बिघडते. घराचा करारनामा, गुणपत्रिका, जुन्या अल्बमचे स्कॅन यांची आणखी एक प्रत भावाबहिणीच्या घरी ठेवा.

याच बैठकीत बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची, किल्ली छापून घ्या. नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. त्याची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते, आणि ती मागितली जाते नेमकी अशा वेळी, जेव्हा खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसतो.

सहावं काम: राउटर

केबलवाल्याने लावून दिलेल्या राउटरचा आतला पासवर्ड (सेटिंग्ज उघडण्याचा, वायफायचा नव्हे) बऱ्याचदा 'ॲडमिन'च असतो. राउटरच्या खालच्या लेबलवर त्याचा पत्ता असतो, तो ब्राउझरमध्ये टाका. आतला पासवर्ड बदला, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. पाहुण्यांसाठी आणि स्मार्ट टीव्ही, कॅमेऱ्यासाठी 'गेस्ट' वायफाय वेगळं करा. इतकंच.

तरीही घुसलाच तर

इंटरनेट तोडा: वायफाय बंद, केबल काढा. त्याच कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलत बसू नका, नवे पासवर्डही चोराला दिसतील. दुसऱ्या यंत्रावरून किंवा फोनवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा बदला, आणि 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा, म्हणजे चोरलेली कुकी निकामी होते.

पैसे गेले असतील तर बँकेला फोन करून खातं गोठवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही नोंदवता येते. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून "आधी मुलाला विचारू, मग बघू" असं करू नका. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, आलेले मेसेज आणि फोन नंबर यांचे फोटो काढून ठेवा.

मग यंत्राकडे वळा. 'विंडोज सिक्युरिटी' → 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' → 'स्कॅन ऑप्शन्स' → 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होत असल्याने लपून बसलेलंही सापडू शकतं. फाइली लॉक झाल्या असतील तर खंडणी देऊ नका. 'नो मोअर रॅन्सम' ही साइट २०१६ मध्ये युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी सुरू केली, तिथे काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज मिळाली नाही तरी लॉक झालेल्या फाइली एका डिस्कवर जपून ठेवा, पुढे किल्ली सापडू शकते.

पासवर्डचोर किंवा क्रॅकवाला प्रकार असेल, तर मी सफाईवर विश्वास ठेवत नाही, नव्याने विंडोज टाकतो. दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या, ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा आणि त्यावरून विंडोज बसवा. बॅकअपमधून फोटो आणि कागदपत्रंच परत आणा. जुने सेटअप आणि झिप तिथेच राहू द्या. आणि दुकानदाराकडून करून घेणार असाल, तर यंत्र हातात देतानाच त्याला सांगा, "क्रॅकवाला ॲक्टिव्हेटर टाकू नका, रोजचं खातं स्टँडर्ड ठेवा, पासवर्ड आम्ही घरी लावू."